बारा स्टेशनं, एकाच दिवशी

मुंबईच्या उपनगरात वाढलेल्या माणसाला दिशा दोनच माहीत असतात. एक विरारची नाहीतर कल्याणची, आणि दुसरी चर्चगेटची नाहीतर व्हीटीची. (आता सीएसएमटी म्हणायचं, पण तोंडात बसलंय ते बसलंय.) पूर्व आणि पश्चिम या आपल्याकडे दिशाच नाहीत. ते पत्त्यातले शेवटचे शब्द आहेत, आणि जागा बघताना किंवा स्थळ बघताना विचारायचा प्रश्न. "अंधेरी ईस्ट की वेस्ट?"

नकाशा घेऊन बसलात तर अंधेरी आणि घाटकोपर ही दोन स्टेशनं एकमेकांपासून फार लांब नाहीत. कावळा दहा-पंधरा मिनिटांत पोचेल. माणसाला रेल्वेने जायचं तर घाटकोपरहून गाडी पकडून दक्षिणेला दादर, तिथे पूल चढून पश्चिम रेल्वेवर यायचं, आणि मग पुन्हा उत्तरेला अंधेरी. शेजारच्या बिऱ्हाडात साखर मागायला जायचंय, पण मधे भिंत, म्हणून जिना उतरून रस्त्यावर यायचं आणि दुसऱ्या जिन्याने वर जायचं, असा हा प्रकार. आमच्या नात्यातले एक काका म्हणायचे की अंधेरीहून पुण्याला जाणं परवडलं, पण घाटकोपरला बारशाला नको. परिणाम असा की 'घाटकोपरची आत्या' आणि 'अंधेरीचे मामा' यांची भेट व्हायची ती दादरच्या कुठल्यातरी कार्यालयात, कुणाच्यातरी लग्नात.

८ जून २०१४, रविवार. त्या दिवशी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि ती भिंत पडली. मेट्रोचं कौतुक आणि मेट्रोला शिव्या, दोन्ही भरपूर लिहून झालंय, त्यात मी भर घालत नाही. मला कधीपासून लिहायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. ११.४ किलोमीटर आणि बारा स्टेशनं, सगळं एकाच दिवशी लोकांच्या हातात दिलं गेलं. आधी थोडं, मग थोडं, असं झालं नाही. आपल्या शहरात ही गोष्ट किती दुर्मिळ आहे आणि तिने काय काय झालं, हे आता मागे वळून पाहताना जास्त स्पष्ट दिसतं.

आधी थोडा इतिहास. (कंटाळा आला तर पुढच्या चार परिच्छेदांवरून उडी मारा, मी रागावणार नाही.)

ही भिंत उभी राहिली ती दोन रेल्वे कंपन्यांमुळे. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ती जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची. तिला घाट चढून दख्खनमध्ये जायचं होतं, तिथला कापूस बंदरात आणायचा होता. दुसरी बीबीसीआय, म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया. तिचं लक्ष गुजरातकडे. १२ एप्रिल १८६७ला विरारहून मुंबईत बॅकबेपर्यंत तिची उपनगरी गाडी सुरू झाली. जायला एक आणि यायला एक, बस्स. त्या वेळच्या स्टेशनांच्या यादीत अंधेरीचं नाव 'अंदारू' असं आहे आणि गोरेगावच्या जागी 'पहाडी'. दोन्ही कंपन्या मुंबईहून निघून बाहेर धावत होत्या. साष्टी बेटावरच्या एका गावातून शेजारच्या गावात जाणाऱ्या माणसाशी दोघींनाही काही देणंघेणं नव्हतं.

आणि एक लक्षात घ्या, आपली लोकल कुणी एके दिवशी तयार करून बाजारात आणलेली नाही. ती वाढत गेली. एका गाडीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटी ते कुर्ला हार्बरवर विजेची गाडी आली, ५ जानेवारी १९२८ला कुलाबा ते बोरिवली. डबे वाढले, रूळ वाढले, माणसं वाढली. टप्प्याटप्प्याने वाढणारी गोष्ट कशी असते याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मुंबईत मिळणार नाही. पहिल्या दिवशी अर्धवट असूनही ती उपयोगाची होती, कारण विरारच्या माणसाला मुंबईत यायचं होतं आणि ती एकच गाडी त्याला मुंबईत आणून सोडत होती.

पूर्व-पश्चिम जोडायचा प्रयत्न मात्र एकदा झाला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ट्रॉम्बेहून चेंबूर, कुर्ला करत अंधेरीपर्यंत येणारी एक तेरा किलोमीटरची रेल्वे होती. सेंट्रल सालसेट ट्रामवे असं तिचं नाव. १९२८ साली सुरू झाली, १९३४ साली बंद पडली. सहा वर्षं. त्यानंतर अंधेरीहून सरळ पूर्वेला जाणारी रुळावरची गाडी यायला २०१४ उजाडलं. म्हणजे ऐंशी वर्षं!

या ऐंशी वर्षांत मधली जागा रिकामी राहिली नव्हती. अंधेरी पूर्वेला एमआयडीसी आली, १९७३मध्ये सीप्झ आलं, साकीनाक्याला गाळे आणि वर्कशॉपं उभी राहिली, पुढे मरोळ-चकाल्याला काचेची ऑफिसं आली. नोकऱ्या फोर्टातून उठून अंधेरीला आल्या, पण रेल्वे अजूनही सगळ्यांना फोर्टातच नेत होती. मधल्या माणसाला आधार काय, तर रिक्षा आणि ३४० नंबरची बेस्ट. साकीनाक्याच्या सिग्नलला बस उभी राहिली की खिडकीतल्या माणसाची एक डुलकी काढून व्हायची, आणि जाग आल्यावर बाहेर तेच दुकान दिसायचं. रस्त्याने या टोकाहून त्या टोकाला जायला गर्दीच्या वेळी तासाभराहून जास्त, दीड तासही लागायचा. मेट्रोने तो प्रवास एकवीस मिनिटांवर आणला.

आता मुद्द्यावर येतो.

मेट्रोचा पाया २१ जून २००६ला तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते रचला गेला. प्रत्यक्ष काम २००८च्या सुरुवातीला. खर्चाचा अंदाज २,३५६ कोटी रुपयांचा होता, तो शेवटी ४,३२१ कोटींवर गेला. मुदती आल्या आणि गेल्या. जे. पी. रोड, अंधेरी-कुर्ला रोड, असल्फा, सगळीकडे निळे-पांढरे पत्रे, खड्डे, एकच लेन. त्या वर्षांत त्या पट्ट्यात दुकान असलेल्या माणसाला विचारा. समोर पत्रा लागला की गिऱ्हाईक पलीकडच्या फुटपाथनेच निघून जातं. अंधेरीला पश्चिम रेल्वेच्या रुळांवरून पोलादी पूल न्यायचा होता, वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवरून केबलचा पूल न्यायचा होता, आणि हे सगळं खालची वाहतूक चालू ठेवून.

अशा वेळी मोह काय होतो? जेवढं झालंय तेवढं सुरू करून टाका. मधल्या काळात वर्सोवा ते एअरपोर्ट रोड एवढाच भाग आधी सुरू करायच्या बातम्या येतही होत्या. कागदावर ते वाईट दिसत नाही. सात स्टेशनं, गाड्या तयार, फीत कापायला मंडळी तयार. पण कल्पना करा. घाटकोपरहून येणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग काय? तो बसने किंवा रिक्षाने साकीनाक्याची ती सगळी मारामारी करून एअरपोर्ट रोडला पोचणार, मग जिना चढून, तिकीट काढून, शेवटच्या दोन-तीन स्टेशनांसाठी मेट्रोत बसणार? नाही बसणार. तो त्याच रिक्षात बसून राहील. आणि संध्याकाळी घरी जाऊन सांगेल, "मेट्रो पाहिली, काही उपयोगाची नाही." हे वाक्य एकदा घरात बोललं गेलं की पुढची पाच वर्षं पुसता येत नाही.

हा माझा कल्पनाविलास नाही. त्याच वर्षी, चारच महिने आधी, हे चेंबूरला घडलं होतं. १ फेब्रुवारी २०१४ला मोनोरेलचं उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून ती लोकांसाठी सुरू झाली. चेंबूर ते वडाळा डेपो, सात स्टेशनं. मूळ बेत होता चेंबूरहून थेट जेकब सर्कलपर्यंत, म्हणजे सात रस्त्यापर्यंत जायचा, गिरणगावातून. त्यातला अर्धाच भाग उघडला, आणि तोही असा की ज्याचं दुसरं टोक डेपोत. पहिल्या रविवारी रांगा लागल्या, लोक मुलाबाळांना घेऊन आले, फोटो काढले. नवलाई ओसरली आणि गाड्या रिकाम्या धावू लागल्या. डेपोत कुणाला जायचं असतं? उरलेला भाग उघडायला ३ मार्च २०१९ उजाडलं. मधे नोव्हेंबर २०१७मध्ये डब्यांना आग लागून सेवा काही महिने बंद होती, ते वेगळंच. तोवर मुंबईने मोनोरेलबद्दल आपलं मत बनवून टाकलं होतं. पुढे गाड्या कमी, म्हणून फेऱ्या कमी, म्हणून माणसं कमी, असं ते चक्र. शेवटी २० सप्टेंबर २०२५पासून नव्या गाड्या आणि दुरुस्तीसाठी सेवाच थांबवण्यात आली. मोनोरेलच्या अपयशाची कारणं बरीच आहेत, सगळा दोष अर्धवट उघडण्यावर टाकणं अन्यायाचं होईल. पण लोकांशी पहिली भेटच चुकीच्या कपड्यांत झाली, एवढं नक्की.

कोलकात्याने तर याहून चमत्कारिक प्रकार केला होता. देशातली पहिली मेट्रो तिथे २४ ऑक्टोबर १९८४ला सुरू झाली, एस्प्लनेड ते भवानीपूर, साडेतीन किलोमीटरही नाही. महिन्याच्या आत उत्तरेला दमदम ते बेलगाछिया असा आणखी एक तुकडा उघडला, सव्वादोन किलोमीटरचासुद्धा नाही, आणि पहिल्या तुकड्याशी त्याचा काही संबंध नाही. दोन तुकड्यांच्या मधे अख्खं शहर! दमदमचा तो तुकडा लोकांना काही आवडला नाही, आणि १९९२ साली त्याच्यावरची सेवा बंद केली. मधला भाग जोडून सगळी लाईन पूर्ण झाली ती १९९५मध्ये, आणि मग कोलकात्याचं मेट्रोवाचून पान हलेना. रूळ तेच होते. फक्त आता ते कुठेतरी जात होते.

आपल्या माणसाला हे नाटकाच्या भाषेत पटकन समजेल. मुलुंडच्या कालिदासला किंवा बोरिवलीच्या प्रबोधनकारला शुभारंभाचा प्रयोग लागलाय, पहिला अंक झाला, पडदा पडला, आणि निर्माता पुढे येऊन म्हणाला, "मंडळी, दुसरा आणि तिसरा अंक पाच वर्षांनी, तोवर या अंकाचाच आनंद घ्या." तिकिटाचे पैसे परत मागायला किती वेळ लागेल?

म्हणून मला वाटतं की काही वस्तू अशा असतात की त्या थोड्या थोड्या देता येतात. लोकल तशी होती. पाणी तसं आहे, शाळा तशी आहे. एक नळ आला तरी एका गल्लीची सोय होते. आणि काही वस्तूंची किंमतच दोन टोकं जुळण्यात असते. त्यातलं निम्मं दिलं तर निम्मी सोय होत नाही, जवळजवळ शून्यच होते. पहिल्या मेट्रोचं सगळं मोल एका टोकाला अंधेरीची पश्चिम रेल्वे आणि दुसऱ्या टोकाला घाटकोपरची मध्य रेल्वे, या दोघींना हात देण्यात होतं. तो हात ८ जूनला पूर्ण लांबीचा मिळाला. पहिल्या महिनाभरात सुमारे एक कोटी प्रवास झाले. २०२०च्या कोविडआधी कामाच्या दिवशी चार लाखांवर माणसं तिने ये-जा करत होती.

याचा पडताळा पुढे पुन्हा मिळाला. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. मेट्रो २अ आणि ७ यांचा पहिला टप्पा सुरू झाला. दहिसरहून एकीकडे डहाणूकरवाडी, दुसरीकडे आरे. बोरिवली-कांदिवलीची मंडळी हौसेने जाऊन आली आणि पुन्हा लोकलच्या फूटबोर्डवर उभी राहिली, कारण आरेला उतरून पुढे काय? १९ जानेवारी २०२३ला दुसरा टप्पा उघडला, गाड्या अंधेरी पश्चिम आणि गुंदवलीपर्यंत आल्या, म्हणजे जुन्या मेट्रोच्या डी. एन. नगर आणि वेस्टर्न एक्सप्रेस हायवे या स्टेशनांशी जोडल्या गेल्या. प्रवासी कित्येक पटींनी वाढले. भुयारी मेट्रो ३चंही तेच. ऑक्टोबर २०२४मध्ये आरे ते बीकेसी, गर्दी बेताची. मे २०२५मध्ये वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत, थोडी बरी. ९ ऑक्टोबर २०२५ला कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी आकडा दीड लाखावर गेला.

इथवर वाचून कुणाला वाटेल की हा माणूस 'सगळं एकदम करा' असं सांगतोय. थांबा, दुसरी बाजूही आहे आणि ती स्वस्त नाही.

एकदम देण्याची पहिली किंमत म्हणजे वाट पाहणं. आठ वर्षं. २००६ला पहिलीत गेलेलं पोर २०१४ला आठवी ओलांडून गेलं. त्या आठ वर्षांत ज्याने नोकरी बदलली, घर बदललं, दुकान बंद केलं, त्याला बारा स्टेशनांचा काय उपयोग? टप्प्याचा पुरस्कार करणारे हेच म्हणतात आणि ते चूक नाहीत.

दुसरी किंमत म्हणजे पहिल्या दिवसाचा लोंढा. लंडनमध्ये जगातली पहिली भुयारी रेल्वे १० जानेवारी १८६३ला लोकांसाठी उघडली तेव्हा एका दिवसात सुमारे ३८ हजार लोक येऊन गेले. दिल्लीत २५ डिसेंबर २००२ला मेट्रो सुरू झाली तर एवढी झुंबड उडाली की लोकांना विनंती करावी लागली, बाबांनो, ही मेट्रो कायमची आहे, नुसतं फिरायला आत्ताच येऊ नका. आपल्याकडे ८ जूनला सकाळी तेव्हाचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी वर्सोव्याला हिरवा झेंडा दाखवला, पहिली गाडी एका तरुण मुलीने चालवली (याचा मला फार आनंद झाला होता), आणि दुपारी एकपासून लोकांना आत सोडलं. मग काय, रविवार, मे महिन्याची सुट्टी अजून संपायची होती, आणि वातानुकूलित गाडी! जत्राच.

तिसरी गोष्ट पैशाची. करारात भाडं ९, ११ आणि १३ रुपये लिहिलेलं होतं, चालवणाऱ्या कंपनीचं म्हणणं १० ते ४० रुपये. उद्घाटनाच्या दिवशीही हे भांडण मिटलेलं नव्हतं. पहिला महिनाभर कुठेही जा, सरसकट दहा रुपये. जानेवारी २०१५मध्ये हायकोर्टाच्या निकालानंतर भाडं ४० रुपयांपर्यंत गेलं. आधी सवय लावायची आणि मग भाव सांगायचा, ही व्यापाराची जुनी रीत. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ देशभर एकदम सुरू झालं तेव्हाही कित्येक महिने सगळं फुकट होतं. तिथे न पटलं तर सिम बदलता येतं. साकीनाक्याच्या माणसाला एकवीस मिनिटांची सवय लागल्यावर तो पुन्हा दीड तासाच्या बसमध्ये कसा बसणार? सगळं एकदम देणाऱ्याच्या हातात ही ताकद येते, आणि म्हणून भावाचं बोलणं फीत कापण्याआधी व्हायला हवं.

चौथी, पावसाची. जुलै २०१४च्या पहिल्या जोरदार पावसात डब्यात एसीच्या जागेतून पाणी गळू लागलं आणि त्याची चित्रफीत सगळीकडे फिरली. मुंबईच्या गाडीची परीक्षा मुंबईच्या पावसातच होते. सगळं एकाच दिवशी उघडलं की जी चूक राहील ती सगळ्यांसमोर राहते.

मग करायचं काय? मला सापडलेलं उत्तर त्या आठ वर्षांच्या शेवटच्या वर्षात आहे. १ मे २०१३ला, म्हणजे उद्घाटनाच्या तेरा महिने आधी, वर्सोवा ते आझाद नगर एवढ्याच अंतरावर चाचणीची गाडी धावली होती. मग हळूहळू अंतर वाढवत नेलं. रिकाम्या गाड्या, तपासण्या, प्रमाणपत्रं. जे. पी. रोडवरच्या गच्च्यांमधून कपडे वाळत घालणाऱ्या बायकांनी वर्षभर त्या रिकाम्या गाड्या येता-जाता पाहिल्या. म्हणजे मेट्रो टप्प्याटप्प्यानेच आली होती, फक्त आपल्याला त्या टप्प्यांत बसवलं नव्हतं. जिओनेही देशाला देण्याआधी २७ डिसेंबर २०१५ला आपल्या कर्मचाऱ्यांच्या हातात देऊन पाहिलं होतं. नाटकवाले याला रंगीत तालीम म्हणतात. प्रेक्षकाला शुभारंभ एकदम दिसतो, नटाला तो पन्नासावा असतो.

आणि तालीम कमी पडली तर काय होतं, ते लंडनच्या हीथ्रो विमानतळावर २७ मार्च २००८ला दिसलं. पाचवं टर्मिनल, नवंकोरं, मोठ्या थाटात उघडलं. कामगारांना आपली जागाच सापडेना, सामानाची यंत्रणा अडकली, पहिल्या काही दिवसांत शेकडो उड्डाणं रद्द झाली आणि हजारो बॅगांचे डोंगर साचले. इमारतीत खोट फारशी नव्हती. माणसांचा सराव अपुरा राहिला होता. आपल्या सहारचं नवं टर्मिनल २ हे १२ फेब्रुवारी २०१४ला सुरू झालं तेव्हा आंतरराष्ट्रीय उड्डाणं तिथे एकदम हलवली, पण देशांतर्गत कंपन्यांना पुढे एकेक करून नेलं. मला हा मधला मार्ग शहाणपणाचा वाटतो. प्रवाशाच्या दृष्टीने जे एक आहे ते एकदम, आणि जे वेगळं होऊ शकतं ते सवडीने.

पहिल्या मेट्रोतही असा एक मधला मार्ग लपलेला आहे. प्लॅटफॉर्म सहा डब्यांचे बांधले आणि गाड्या चार डब्यांच्या आणल्या. लांबी पूर्ण दिली, वाढायला जागा ठेवली. पण जागा ठेवणं वेगळं आणि ती भरणं वेगळं. दोन्ही टोकांना रेल्वे जोडल्यावर गर्दी येणार हे ठरलेलंच होतं, तरी पहिल्या दहा वर्षांत ते दोन डबे काही जोडले गेले नाहीत. घाटकोपरच्या जिन्यावर संध्याकाळी सातला उभं राहून पाहा, म्हणजे काय म्हणतोय ते कळेल. पहिला दिवस नीट गेला की देणाऱ्याला वाटतं आपलं काम झालं. वापरणाऱ्याचं काम दुसऱ्या दिवशी, सोमवारी सुरू होतं.

शेवटचं एक, जरा कडू. अर्धं उघडायचं की पूर्ण, हे ठरतं कशावर? मोनोरेल उघडली लोकसभेच्या निवडणुकीआधी. मेट्रो ३चा पहिला तुकडा उघडला विधानसभेच्या निवडणुकीआधी महिना-दीड महिना. हे कुठल्या एका पक्षाचं नाही, झेंडे बदलतात आणि कॅलेंडर तेच राहतं. पहिली मेट्रो पूर्ण उघडली यातही कुणाचं दूरदृष्टीचं धोरण किती आणि नुसता उशीर किती, हे मला सांगता येणार नाही. पण त्या उशिराने आपलं भलं केलं, हे खरं.

मुलुंड आणि भांडुपची मंडळी हे वाचतील तर त्यांच्यासाठी हा विषय जुना नाही. वडाळ्याहून घाटकोपर, मुलुंड करत ठाण्याच्या कासारवडवलीला जाणाऱ्या मेट्रो ४चं भूमिपूजन डिसेंबर २०१६मध्ये झालं. एलबीएस रोडवर खांब आले, पत्रे आले, खड्डे आले. सप्टेंबर २०२५मध्ये चाचणीची गाडी धावली ती ठाण्याच्या बाजूला, घोडबंदर रोडवर. ठाण्याकडचा तुकडा आधी आणि बाकीचा नंतर, असा बेत जाहीर झाला. ठाणेकरांना गाडी मिळावी, त्यांनी घोडबंदरवर पुष्कळ सोसलंय. माझं मागणं एवढंच आहे की कुठल्याही तुकड्याची फीत कापण्याआधी कुणीतरी एक साधा प्रश्न विचारावा. या तुकड्याच्या शेवटच्या स्टेशनला उतरलेला माणूस पुढे कुठे जातो? त्याला तिथे रेल्वे मिळते, दुसरी मेट्रो मिळते, की पुन्हा रिक्षावाल्याचं "नाही येणार" मिळतं?

घाटकोपरच्या आत्याने मेट्रो सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मामांकडे यायला सुरुवात केली. त्या आधी दोघांची घरं एकमेकांनी मिळून चारदा पाहिली असतील. पुढे दर महिन्याला एक शनिवार ठरला. मामा साबुदाण्याची खिचडी करतात आणि आत्या दरवेळी सांगते की दाण्याचं कूट कमी पडलंय.